करवीर विरुद्ध सातारा: भाऊबंदकी, मोगल आणि निजाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पन्हाळ्यावर लोकांना घेऊन फिरायचं म्हटलं की दोन-तीन प्रश्न ठरलेले असतात. गड उतरल्यावर उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: औरंगजेब मेला, मोगल थकले, आणि नेमकं तेव्हाच आपल्यात कसं काय जुंपलं? तीच तीच उत्तरं परत परत टाइप करण्यापेक्षा एका जागी मांडली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, वादाचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे शाहू म्हणजे आपले राजर्षी शाहू महाराज का?

नाही. कोल्हापुरात हा घोळ होणारच, कारण इथे शाहू म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. राजर्षी शाहू (१८७४–१९२२) फार पुढचे. या पानावरचे शाहू म्हणजे छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव, सातारच्या गादीचे. जन्म १६८२.

संभाजी आणि शिवाजी ही नावंही दोनदा येतात. इथे 'शिवाजी' म्हणजे राजाराम महाराज आणि ताराबाईंचा मुलगा. 'संभाजीराजे' म्हणजे राजाराम महाराज आणि राजसबाईंचा मुलगा, करवीरच्या (म्हणजे कोल्हापूरच्या) गादीवर बसलेले. राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. थोरल्या महाराजांबद्दल बोलायचं असेल तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

२. भांडण नेमकं कशावरून होतं?

गादी कुणाची यावरून. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीहून लढले, १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यानंतर सात वर्षं ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवलं आणि औरंगजेबाला दमवलं. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरला औरंगजेब मेला आणि काही आठवड्यांतच शाहू सुटून आले. थोरल्या पातीचा वारस की संकटात राज्य राखलेली धाकटी पाती? दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं होतं, म्हणून तर ते चिघळलं.

३. शाहू मोगलांच्या हातून निसटले की मोगलांनी सोडलं?

सोडलं, आणि विचार करून सोडलं. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा भावाशी तख्तासाठी लढायला उत्तरेकडे निघाला होता. पाठीमागे दख्खनेत मराठे मोकळे सुटतील ही भीती होतीच. मोगल सेनानी झुल्फिकारखानाने सल्ला दिला की शाहूला सोडा, तो गेला की मराठे आपापसात गुंततील. भोपाळजवळ दोराहा इथे शाहूंना वाट मोकळी करून दिली. मात्र येसूबाई आणि शाहूंचे सावत्रभाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेतलं. शाहू परत आले ते आईला मागे ठेवून, आणि ती सुटायला पुढची बारा वर्षं गेली. शाहूंच्या दिल्लीविषयीच्या मवाळपणावर टीका करताना लोक एवढी एक गोष्ट विसरतात.

आझमशहा जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत मेला. डाव टाकणारा गेला, पण डाव चालूच राहिला.

४. ताराबाईंनी शाहूंना तोतया का म्हटलं? त्यांना खरंच तसं वाटत होतं का?

सात वर्षांचा मुलगा नेला आणि पंचवीस वर्षांचा माणूस परत आला. ओळखणार कसं? त्यामुळे शंका घेणं अगदीच हास्यास्पद नव्हतं. पण त्यात राजकारणही होतं: तोतया ठरवला की वारसाहक्काचा प्रश्नच मिटतो. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या असं बखरी सांगतात. शाहूंकडूनही तेवढ्याच ताकदीचा जबाब आला. परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले. हजार कागदांपेक्षा ते एक ताट लोकांना पटलं, कारण संशयिताच्या ताटात कुणी जेवत नाही. खंडो बल्लाळ गुपचूप जाऊन पाहून आले आणि धनाजी जाधवांना सांगितलं, माणूस खरा आहे.

ताराबाईंनी हेच हत्यार म्हातारपणी पुन्हा उपसलं, तेही स्वतः पुढे आणलेल्या नातवावर. त्याबद्दल प्रश्न १३.

५. खेडची लढाई खरी झाली की नुसतं नाटक?

लढाई झाली, १२ ऑक्टोबर १७०७ ला, भीमेकाठी, आजच्या राजगुरुनगरला. पण निकाल आधीच लागला होता. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव आतून शाहूंकडे वळलेले होते आणि बाळाजी विश्वनाथांनी (पुढे शाहूंचे पेशवे झाले ते) ती सोयरीक जमवली होती. परशुरामपंत प्रतिनिधी मात्र जीव तोडून लढले, हरले आणि साताऱ्याला गेले. तिथे गडाचा हवालदार शेख मिरा. त्याची बायकामुलं शाहूंच्या हाती लागली होती. त्याने प्रतिनिधींनाच कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंनी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला.

ताराबाई पन्हाळ्यावर आल्या. शाहू पाठोपाठ आले तेव्हा रांगण्यावर गेल्या. पावसाळा लागला, शाहूंनी वेढा उठवला, आणि बाईंनी पन्हाळा परत घेतला. रांगण्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला वेढा का उठला हे सांगावं लागत नाही. १७१० पासून करवीरची वेगळी गादी धरतात ती याच घडामोडीतून.

६. सरदार एवढ्या पटापट बाजू का बदलत होते? निष्ठा नावाची चीज नव्हती का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. उत्तर स्वभावात शोधू नका, वतनात शोधा, म्हणजे वंशपरंपरेने मिळणाऱ्या जमीन-वसुलीच्या हक्कात.

थोरल्या शिवाजी महाराजांनी वतनदारांना लगाम घातला होता. गढ्या पाडल्या, पगार रोख दिला, नवी वतनं देणं टाळलं. १६८९ नंतर ते टिकणं शक्य नव्हतं. औरंगजेब फुटणाऱ्याला मनसब (मोगली सरदारी) आणि वतन देत होता. जिंजीत बसलेल्या राजाराम महाराजांकडे रोकड नव्हती, मग त्यांनीही तेच देऊ केलं: अमुक मुलूख जिंकून घे, तो तुला वतन. सैन्य उभं राहिलं, राज्य वाचलं. पण निष्ठेचा लिलाव सुरू झाला आणि पहिली बोली दिल्लीने लावली होती. परकी हस्तक्षेप म्हटलं की आपल्याला फौजा दिसतात. इथे तो कागदावरून आला, सनदेच्या रूपात.

आता एखाद्या देशमुखाच्या जागी बसून बघा. चुलत्याशी देशमुखीचा तंटा चालू आहे. चुलत्याने मोगल सुभेदाराकडून सनद आणली आहे, तुम्ही ताराबाईंकडून. १७०७ ला तिसरं दार उघडलं, साताऱ्याचं. जो दरबार तुमचा कागद खरा मानेल तो तुमचा राजा. चुलता साताऱ्याला गेला की तुम्हाला पन्हाळ्याला जावंच लागतं, गादीवर कुणाचा हक्क आहे हा विचार नंतरचा. खाली रयतेची गत काय? एकाच्या घोडेस्वारांनी वसुली नेली की महिन्याभराने दुसऱ्याचे दारात. पाटलाने पावती दाखवली तरी ती समोरच्याला मान्य नसायची.

हे मी आजच्या चष्म्यातून सांगत नाही. करवीर दरबारच्या रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त (१७१५–१६ च्या सुमारास) हेच लिहून ठेवलं आहे: वतनदार हे राज्याचे वाटेकरी आहेत, आहे त्यात समाधान मानत नाहीत, आणि परचक्र आलं की वतनाच्या लोभाने आधी शत्रूला जाऊन भेटतात. पंतांनी दोन्ही दरबारांचे सरदार जवळून पाहिले होते. आणि गंमत म्हणजे जिंजीच्या काळात इकडचा कारभार सांभाळताना वतनांचं हे वाटप त्यांच्याच डोळ्यांदेखत झालं होतं.

७. एकाच घरात दोन्हीकडची माणसं होती असं म्हणतात, ते खरं का?

हो, आणि उदाहरण शोधायला लांब जायला नको. इचलकरंजीचं घराणं कापशीकर सेनापती घोरपड्यांच्या आश्रयाने वर आलं, म्हणजे करवीरच्या बाजूचं. त्याच घराण्यातल्या व्यंकटराव घोरपड्यांची बायको अनुबाई ही साताऱ्याचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी, थोरल्या बाजीरावांची बहीण. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेला, तर त्यालाच त्यांनी कैद केलं. पुढे बाळाजींनी समजूत घातली आणि तेच कान्होजी शाहूंचे सरखेल झाले.

धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन जाधव यांची वाट तर सगळ्यात वाकडी. सेनापती शाहूंचे, बाळाजींशी बिनसलं म्हणून १७११ मध्ये ताराबाईंकडे आणि तिथून निजामाकडे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. पण चंद्रसेनांना विचारलं असतं तर म्हणाले असते, माझा अपमान झाला आणि साताऱ्याने कारकुनाची, म्हणजे बाळाजींची, बाजू घेतली.

८. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर काय झालं? ताराबाईंना घरच्यांनीच कैद केलं का?

हो. राजसबाईंनी आपला मुलगा संभाजीराजे गादीवर बसवला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले. अमात्य नव्या गादीच्या पाठीशी होते. म्हणजे एका घराची आधी दोन घरं झाली आणि मग धाकट्या घरातही फूट पडली. यात साताऱ्याचा हात होता असं म्हणणारे आहेत. ठाम पुराव्यानिशी सांगता येतं ते एवढंच की फायदा साताऱ्याचा झाला. ताराबाईंसारखी धडाडीची प्रतिस्पर्धी बाजूला झाली होती.

९. मोगल बादशहाने शेवटी कुणाला खरा छत्रपती मानलं?

बराच काळ कुणालाच नाही, आणि खरी खोच तिथेच आहे. आझमशहाला हरवून बादशहा झालेल्या बहादूरशहासमोर १७०९ मध्ये दोन्हीकडचे वकील हजर होते. शाहूंसाठी झुल्फिकारखान शब्द टाकत होता, ताराबाईंसाठी वजीर मुनीमखान. मराठ्यांच्या भांडणावर मोगल दरबारातली दोन टोळकी आपलं भांडण भांडत होती. बादशहाने सांगितलं, आधी तुम्ही आपसात लढून ठरवा, जिंकेल त्याला सनद देऊ.

आव तटस्थतेचा. अर्थ असा की लढत राहा. सनद नाकारली असती तर दोघे एकत्र येण्याची भीती होती, एकाला दिली असती तर तो बळकट झाला असता. न देता झुलवत ठेवणं सगळ्यात स्वस्त पडलं. पुढे निजामाने हाच डाव जास्त सफाईने खेळला (प्रश्न १०).

१०. निजामाचा यात काय संबंध? पालखेडची लढाई तर बाजीरावांची ना?

बाजीरावांचीच, पण ती झाली करवीरच्या प्रश्नावरून. शाळेच्या पुस्तकात हा धागा बहुतेक वेळा सुटतो.

१७१९ च्या सनदांप्रमाणे दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई (वसुलीचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (आणखी दहावा हिस्सा) शाहूंकडे आली होती (प्रश्न १२). दख्खन बळकावून बसलेल्या निजामुल्मुल्काला ते पैसे द्यायचे नव्हते. सरळ नाही म्हटलं तर युद्ध. म्हणून १७२७ मध्ये त्याने वेगळीच भाषा काढली: चौथाई द्यायला माझी ना नाही, पण मराठ्यांचे छत्रपती दोन आहेत. पैसे सातारच्या हाती ठेवू की कोल्हापूरच्या? आधी हक्क शाबीत करा, मी निवाडा करतो. ज्याच्याकडून येणं आहे तोच न्यायाधीश होऊन बसला!

संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. निजामाने पुणं घेतलं आणि तिथे संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवलं. त्याच्या छावणीत मराठे सरदार कमी नव्हते: चंद्रसेन जाधव होते, रंभाजी निंबाळकर होते. बाजीराव पुण्यासाठी अडून बसले नाहीत. जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा हूल देत फिरले आणि निजामाला त्याच्या तोफखान्यापासून तोडून फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बिनपाण्याचं कोंडलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

तहातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. निजामाने चौथाई कबूल केली, संभाजीराजांची बाजू सोडतो असंही मान्य केलं, पण त्यांना बाजीरावांच्या हवाली करायला नकार दिला. त्यांना पन्हाळ्याला सुखरूप पोचू द्यावं असं ठरवून घेतलं. कुणी याला दिलेल्या शब्दाची चाड म्हणतात. असेलही. पण पन्हाळ्यावर दुसरे छत्रपती शाबूत राहिले की सौदा पुन्हा करता येतो, हा हिशेब निजामासारख्या मुरलेल्या माणसाला कळत नव्हता असं मला वाटत नाही.

११. म्हणजे कोल्हापूरने फितुरी केली असंच ना?

हा प्रश्न साताऱ्याकडून जास्त येतो. तोच उलटा करून कोल्हापूरकर विचारतात, त्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

संभाजीराजांच्या बाजूने बघा. गादी आपली आहे असं ते मानत होते. उत्तरेकडची वसुली, नवे मुलूख, दिल्लीच्या सनदा सगळं साताऱ्याला मिळत होतं आणि करवीरच्या हाती वारणेखालचा पट्टा. एकट्याच्या बळावर सातारा जिंकणं अशक्य होतं. दुबळ्या बाजूला बाहेरचा मदतनीस शोधावाच लागतो. निर्णय चुकला हे खरं. निजामाला ते राजे म्हणून नको होते, दावेदार म्हणून हवे होते, आणि हा फरक त्यांना उशिरा कळला. पण त्याला फितुरी म्हणायचं तर तोच शब्द त्या काळातल्या निम्म्या दरबाराला लावावा लागेल.

१२. आणि साताऱ्याने मोगलांकडून सनदा घेतल्या ते चाललं का?

चाललं, कारण ते यशस्वी झाले. यशस्वी माणसाच्या तडजोडीला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो.

हकिगत अशी. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेनअली याला दिल्लीत बादशहा फर्रुखसियरशी झुंजायचं होतं, फौज हवी होती. १७१८ मध्ये त्याने बाळाजी विश्वनाथांशी करार केला. बादशहाने तो मंजूर केला नाही, तेव्हा मराठी फौज घेऊन सय्यद दिल्लीला गेला आणि बादशहाच बदलला. १७१९ मध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, येसूबाई सुटून आल्या. बदल्यात शाहूंनी पंधरा हजार घोडेस्वार बादशाही चाकरीला ठेवायचे आणि स्वराज्यापोटी दरसाल दहा लाखांची खंडणी द्यायची.

याच करारात आणखी एक कलम होतं: शाहूंनी कोल्हापूरच्या संभाजीराजांना त्रास देऊ नये. दोन भावांमधलं प्रकरण, आणि त्याची हमी लिहून घेतोय मोगल सुभेदार. परक्याला घरात घेण्याची सुरुवात पन्हाळ्याने केली की साताऱ्याने, हा वाद घालणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. मात्र एक फरक मान्य केला पाहिजे. इथे मोगलांच्या घरातल्या भांडणात मराठे तिसरे होते. दहा वर्षांत पारडं फिरलं होतं.

१३. इतकं झाल्यावर ताराबाई सातारकर शाहूंकडेच का राहिल्या?

कारण कोल्हापुरात त्या कैदी होत्या (प्रश्न ८). १७३० मध्ये वारणेकाठी शाहूंच्या प्रतिनिधींनी संभाजीराजे आणि त्यांच्या बाजूचे सरदार उदाजी चव्हाण यांच्या छावणीवर छापा घातला. संभाजीराजे पन्हाळ्याला निसटले, ताराबाईंसह राजघराण्यातल्या स्त्रिया सापडल्या. शाहूंनी त्यांना सन्मानाने परत पाठवायचं ठरवलं. ताराबाई म्हणाल्या, कुठेही कैदच आहे तर मी साताऱ्यालाच राहते. ज्याला तोतया म्हटलं त्याच्याच आश्रयाला. शाहूंनीही जुनं उकरलं नाही.

१७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. ते पेशव्यांचंच ऐकतात असं दिसल्यावर १७५० मध्ये त्यांना गडावर कैद केलं आणि हा माझा नातूच नव्हे असं जाहीर केलं. पेशव्यांवर दबाव आणायला दमाजी गायकवाडांना गुजरातेतून बोलावून घेतलं. १७६१ च्या डिसेंबरात वारल्या. कावळा नाक्यावरच्या पुतळ्यात घोड्यावरची पंचविशीतली राणी दिसते. पुढची साठ वर्षं पुतळ्यात मावत नाहीत.

१४. वारणेच्या तहात नक्की काय ठरलं?

आधी फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा चुलतभावांची भेट झाली, मग १३ एप्रिल १७३१ ला तह. मुख्य गोष्टी अशा: वारणेच्या दक्षिणेचा मुलूख गडकोटांसह करवीरचा. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे पुढे मिळेल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. कोपळ साताऱ्याला, बदल्यात रत्नागिरी करवीरला. वडगावचा कोट पाडायचा. मिरज आणि विजापूर प्रांतातली ठाणी साताऱ्याला.

माझ्या दृष्टीने वजनाची कलमं दोनच आहेत. एक, तुमचा वैरी तो आमचा वैरी. दोन, एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाहीत. पहिल्याने निजामाचा दरवाजा बंद केला, दुसऱ्याने प्रश्न ६ मधल्या देशमुखाचा. सीमा आखून देणारे तह पुष्कळ होतात, बाजू बदलण्याची सोयच काढून घेणारे थोडे. नदी मात्र अजून हद्दीचंच काम करते. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मध्ये वारणा आहे.

१५. हे हिंदू-मुसलमान भांडण होतं का?

नाही. ताराबाईंच्या वतीने सातारा राखणारा शेख मिरा, निजामाच्या वतीने लढणारे जाधव-निंबाळकर, आणि दिल्लीत सय्यदांसाठी उभी राहिलेली मराठी फौज. नावं वाचली तरी पुरे. मोगल आणि निजाम यांना मी या पानावर परके म्हणतो ते धर्मामुळे नव्हे. स्वराज्याबाहेरची सत्ता आणि तिचा स्वार्थ वेगळा, एवढ्याच अर्थाने.

१६. मग इंग्रज, पोर्तुगीज या काळात काय करत होते?

किनाऱ्यावर होते आणि आंग्र्यांशी झगडत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, तो फसला. गादीच्या भांडणात त्यांचा हात त्या वेळी फारसा दिसत नाही. पण पन्हाळ्यावर बसलेल्या अमात्यांना ते दिसत होते. आज्ञापत्रात टोपीकरांचा, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांचा, स्वतंत्र विचार आहे: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, जागेचा लोभ आहे. व्यापार करू द्यावा, पण वखारीला समुद्रकाठची, खाडीलगतची किंवा गडाजवळची जागा देऊ नये.

सल्ला पन्हाळ्याचा आणि तो मोडला गेला तोही करवीरच्याच किनाऱ्यावर. १७६५ मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी तह करून परत दिला. १८१२ चं पुढे, प्रश्न १९ मध्ये.

१७. वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा दहा-अकरा दिवसांनी वेगळ्या का?

इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरलं. ते १७०० नंतर अकरा दिवस मागे होतं. म्हणून औरंगजेबाचा मृत्यू कुठे २० फेब्रुवारी तर कुठे ३ मार्च १७०७ दिसतो. दोन्ही बरोबर. परीक्षेला एकच पुस्तक धरा.

१८. स्पर्धा परीक्षेसाठी विचारतो: आजच्या यादवीच्या देशांशी तुलना करता येईल का?

जपून. लिबियात २०१४ नंतर दोन सत्ताकेंद्रं झाली. त्रिपोलीच्या सरकारमागे तुर्कस्तान, पूर्वेच्या हफ्तारमागे संयुक्त अरब अमिराती, इजिप्त आणि रशिया. ऑक्टोबर २०२० मध्ये युद्धविराम झाला, पण दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या. बाहेरच्यांना कुणा एकाचा पूर्ण विजय नको असू शकतो, हे साम्य नोंदवण्यासारखं आहे. फरकही लिहा: लिबियात तेल आहे आणि पाठीराखे देश स्वतः मजबूत आहेत. इथे मोगल बादशाही आपल्याच भाराने मोडत होती. पाठीराखा ढासळत होता म्हणून वारणेला दोघांनाच बसून तह करता आला.

१९. वारणेनंतर भांडण कायमचं मिटलं ना?

गादीचं मिटलं. संभाजीराजे १७६० पर्यंत जगले आणि साताऱ्याशी पुन्हा तसं युद्ध झालं नाही. पण करवीर आणि पेशव्यांचे सरदार यांच्यात कुरबुरी चालूच होत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पटवर्धनांशी, मग निपाणीकरांशी. या लढायांनी राज्य थकलं, आणि १ ऑक्टोबर १८१२ ला कोल्हापूरने इंग्रजांशी तह केला. मालवण, सिंधुदुर्गासह, त्यांना दिलं. शिवाय कबूल केलं की कंपनीच्या संमतीवाचून कुणाशी युद्ध करणार नाही आणि तंटा झाला तर निवाडा कंपनी करेल.

निजामाने १७२७ मध्ये मागितली होती तीच खुर्ची. त्याला ती लढाई हरून सोडावी लागली, कंपनीला सही करून मिळाली. १८४४ मध्ये सामानगड आणि पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी उठाव केला तेव्हा इंग्रजांनी गडांची तटबंदी फोडली. पन्हाळ्याचा चार दरवाजा पडला तो त्या वर्षी.